माहेरचं बाळंतपण, सोलापूरचा उन्हाळा आणि घरी येणारी नर्स: काय विचारायचं, काय दाखवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पुण्यात नोकरीला आहेत. पत्नीला आठवा महिना, ती सोलापूरला माहेरी आलेली, घर अशोक चौकाच्या बाजूला. बाळंतपणाची तारीख एप्रिलअखेरची. बहीण इंग्लंडमध्ये असते, तिच्या बाळंतपणानंतर मिडवाइफ आणि मग हेल्थ व्हिजिटर घरी येऊन बाळ बघून गेल्या. आपल्याकडे असं कुणी येतं का? आलं तर नेमकं काय करतं? की सरळ महिनाभर खासगी नर्स लावावी? सासूबाईंचं म्हणणं, "आमच्या घरात चार-चार पोरं वाढली की. नर्स कशाला?" सासूबाई घरी विड्या वळतात, हे त्यांनी शेवटी एका ओळीत लिहिलंय. मला विचाराल तर प्रश्नातली सगळ्यात कामाची ओळ तीच आहे, तिच्याकडे येतेच.

मी सोलापुरात नर्स आहे. आधी तालुक्याच्या उपकेंद्रात होते, नंतर शहरात आले, आणि बाळंतिणीच्या घरी जाणं हा माझ्या कामाचा मोठा भाग राहिला आहे. त्या अनुभवावरून सांगते.

आपल्याकडे येतं, नक्की येतं. २०११ पासून सरकारी कार्यक्रमच आहे, आम्ही त्याला एचबीएनसी म्हणतो, म्हणजे घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेणं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायचं. घरीच बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवसाची एक भेट जास्त. सिझर असेल आणि आई पाच-सहा दिवसांनी घरी आली, तर सातव्या दिवसाची भेट पहिली धरतात. या कार्यक्रमाचं मूळ आपल्या महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर पाठवलं. बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखणं, एवढंच काय, त्यासाठीचं इंजेक्शन देणंसुद्धा त्या शिकल्या. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निकाल छापून आला: ज्या गावांत हे काम झालं तिथे नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. त्यामुळे इंग्लंडचं बघून आपल्याकडे काहीच नाही असं वाटून घेऊ नका. फरक आहे तो व्यवस्था आपसूक तुमच्या दारापर्यंत पोचते की नाही, यात.

आणि तुमच्या बाबतीत ती न पोचण्याची शक्यता बरीच आहे. कारण साधं आहे. नाव पुण्यात नोंदवलेलं, बाळंतपण सोलापुरात. पुण्याच्या यादीत तुमची पत्नी आहे पण घरात नाही, सोलापूरच्या घरात आहे पण यादीत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायच्या आपल्या रीतीमुळे हे सर्रास होतं, आणि पहिलटकरणीलाच भेटीची सगळ्यात जास्त गरज असते. दुसरी गोष्ट, शहरात आशाताई मुख्यत्वे वस्त्यांसाठी नेमलेल्या आहेत. बंगल्यांच्या कॉलनीत किंवा अपार्टमेंटमध्ये कधी कधी कुणीच नेमलेलं नसतं.

म्हणून आत्ताच, आठव्या महिन्यात, एक काम करा. माता बाल संरक्षण कार्ड घेऊन पत्नीने किंवा सासऱ्यांनी घराजवळच्या महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात जायचं. "बाळंतपणाला माहेरी आलेली आहे, इथे नोंद करा," एवढंच सांगायचं. आपल्या गल्लीची आशा कोण, तिच्यावरची नर्स कोण, हे विचारून दोघींचे नंबर घ्यायचे. बाळंतपण खासगी दवाखान्यात होणार असलं तरी हे करा. खासगीत बाळंतपण झालं म्हणजे घरभेटीचा हक्क गेला, असा एक गैरसमज आहे. तसं काही नाही. आशाताईला या सगळ्या भेटी पूर्ण केल्यावर २५० रुपये मिळतात. एका बाळामागे, सगळ्या भेटींचे मिळून. हे मुद्दाम सांगते, म्हणजे ती उन्हात दारात उभी असताना "उद्या या, बाळ झोपलंय" म्हणताना जरा विचार होईल.

आता ती येऊन काय करते. तिच्या पिशवीत झोळीचा काटा, थर्मामीटर, घड्याळ, साबण, कार्यक्रमाचा फॉर्म. हात धुते, काखेत ताप बघते, श्वास मोजते, बेंबी बघते, वजन करते, आईला चार प्रश्न विचारते, फॉर्म भरते. एवढं झालं की घरच्यांना वाटतं भेट झाली. माझं मत वेगळं आहे. पहिल्या दोन आठवड्यांतल्या भेटीचं खरं काम एकच: बाळ अंगावर पिताना पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून बघणं. बाकी सगळं त्याच्या अवतीभोवती. जी नर्स किंवा आशा बाळ पिताना वीस मिनिटं शेजारी बसली नाही, तिने वजन अगदी ग्रॅममध्ये लिहिलं असलं तरी भेट अर्धीच झाली.

बसून काय बघायचं ते सांगते, म्हणजे तुमच्या सासूबाईंनाही बघता येईल. आई भिंतीला टेकून बसली आहे की पाठ वाकवून बाळापर्यंत छाती नेते आहे? पहिलटकरीण बहुतेक वेळा वाकते, आणि तिसऱ्या दिवशी पाठ धरते, मग ती पाजायची टाळाटाळ करायला लागते. मांडीवर उशी घ्या, बाळ छातीपर्यंत वर आणा. बाळाचं डोकं एकीकडे आणि पोट छताकडे, असं नको. पोट आईच्या पोटाला लागलं पाहिजे. तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडू द्यायचं आणि मग बाळालाच पटकन जवळ घ्यायचं. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि बोंडाभोवतीचा काळा भाग वरच्या बाजूला जास्त, खालच्या बाजूला जवळजवळ दिसत नाही, असं असेल तर पकड बरोबर. सुरुवातीला भरभर चोखतं, मग लय संथ होते, आणि "क्क" असा गिळण्याचा बारीक आवाज ऐकू येतो. पंखा जोरात असेल, शेजारी यंत्रमाग चालू असेल तर तो ऐकू येत नाही, तेव्हा कानशिलाजवळची हालचाल बघायची. गाल आत ओढले जात असतील, चुटचुट आवाज येत असेल, आई दात-ओठ खात असेल, तर बाळ फक्त बोंड चोखतंय. दूध पोटात जात नाही, आणि दोन दिवसांत बोंडाला चिरा पडतात.

सिझर झालं असेल तर मांडी घालून बसवू नका. कुशीवर झोपून पाजायला शिकवायची पहिली वेळ दवाखान्यातच आणायची, तिथल्या सिस्टरकडून. "टाके ओले आहेत, दोन दिवस वरचं द्या" हे ऐकायचं नाही.

"दूध पुरत नाही" हे वाक्य मी जेवढं ऐकलंय तेवढं दुसरं कुठलं ऐकलं नसेल. पुरतं की नाही हे बाळाच्या रडण्यावरून ठरत नाही, लंगोटावरून ठरतं. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू, आणि काळी शी जाऊन पिवळी यायला लागली, तर दूध पोचतंय. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी रंगाचा डाग दिसतो, घाबरायचं कारण नाही. चौथ्या-पाचव्या दिवसानंतरही तो दिसत राहिला तर मात्र पाजणं तपासायला हवं. वजन सुरुवातीला उतरतंच. २८०० ग्रॅमचं बाळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी २६०० झालं म्हणून कुणी डब्याचं दूध आणायला धावू नये. २५२० च्या खाली, म्हणजे जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं, तर डॉक्टरांना दाखवायचं. दहा ते चौदा दिवसांत वजन पुन्हा जन्माएवढं झालं पाहिजे, आणि पुढे दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढलं पाहिजे. दवाखान्याचा डिजिटल काटा आणि आशाताईचा झोळीचा काटा यांत थोडा फरक पडतो. एकाच काट्यावरची दोन वजनं ताडून बघा, दोन काट्यांची नको. आणि दुपटं काढून वजन करा. सोलापुरी चादरीत गुंडाळलेल्या बाळाचं वजन बघून खूश झालेली घरं मी पाहिली आहेत.

आता उन्हाळा. एप्रिलअखेर म्हणजे सोलापुरात पारा बेचाळीसच्या पुढेमागे, शहराच्या पूर्व भागात वर पत्रा असेल तर दुपारी खोलीची भट्टी होते. तरीही बाळाला टोपरं, मोजे, वर लोकरीचं, कारण "बाळाला वारं लागतं". पहिल्या एक-दोन दिवसांत आणि कमी वजनाच्या बाळाला ऊब लागते हे खरंच आहे. पण अडीच-तीन किलोच्या बाळाला मे महिन्यात एक पातळ सुती झबलं पुष्कळ झालं. पंखा चालतो, कूलरही चालतो, झोत सरळ अंगावर नको एवढंच. बाळाला वरचं पाणी अजिबात नाही, चमच्यानेसुद्धा नाही, सहा महिने नाही. तहानेचं पाणी आईच्या दुधातच असतं. फक्त उन्हाळ्यात थोडं जास्त वेळा पाजायचं. पाणी आईला द्या. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची जी पद्धत आहे ती मात्र या उन्हात त्रास देते: लघवीला जळजळ, मलावरोध, चक्कर. पाजायला बसली की शेजारी भरलेला तांब्या, असा नियमच करा.

अंग गरम लागलं तर कपडे काढून, सावलीच्या खोलीत ठेवून, पाजून, अर्ध्या तासाने काखेत थर्मामीटर लावा. ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ फॅरनहाइट, किंवा त्याच्या वर राहिलं तर दवाखाना. आणि बाळ पिण्यात ढिलं पडलं असेल तर अर्धा तासही थांबायचं नाही. महिन्याच्या आतल्या बाळाच्या तापाला "उन्हाचा असेल" म्हणून घरी औषध नाही. थंड पडलेलं बाळही तितकंच आजारी असू शकतं, हे लोकांना माहीत नसतं. पोट आणि तळपाय दोन्ही गार लागले, कपडे काढून उघड्या छातीशी धरूनही ऊब येत नाही, तर निघायचं.

विड्यांबद्दल. तुमच्या सासूबाई सुपात पानं-तंबाखू घेऊन ज्या खोलीत बसतात, त्याच खोलीत बहुधा बाळाची झोळी टांगली जाणार. आपल्या पूर्व भागात, विडी घरकुलात, कुंभारीच्या वसाहतीत हे चित्र घरोघर आहे, आणि मी कुणाला नावं ठेवत नाही. त्या सुपावर घर चालतं. पण तंबाखूची धूळ नवजात बाळाच्या श्वासात जायला नको. वळायचं काम बाहेरच्या पडवीत किंवा दुसऱ्या खोलीत हलवा. ओली पानं, तंबाखूची पिशवी, सूप बाळाच्या खोलीत नको. हजार विड्या वळून झालेले हात साबणाने धुतल्याशिवाय, आणि जमलं तर वरचा पदर बदलल्याशिवाय, बाळ घ्यायचं नाही. घरी पाणी काही दिवसांआड येतं, हात धुवायला कुठून, असं म्हणाल तर एक झाकणाचा मग आणि साबण बाळाच्या खोलीच्या दारातच ठेवा. पिंपापर्यंत जावं लागलं की कुणी हात धूत नाही. आणि एक नाजूक प्रश्न: पत्नी किंवा घरातलं कुणी मशेरी लावतं का? सुशिक्षित घरांतही लावतात आणि जावयाला माहीत नसतं. निकोटीन दुधातून बाळाला जातं. सोडायला मदत लागते, ओरडा नाही. नर्स हे एकटीला विचारेल, तुम्ही फोनवर विचारू नका.

एकटीला कसं विचारते, तर चहा घेऊन. नवी नर्स संकोचाने चहा नको म्हणते. मी हो म्हणते. सासूबाई किंवा आई आत चहा टाकायला गेली की मिळतात ती पाच-सात मिनिटं बाळंतिणीची. झोप लागते का, जेवायला काय दिलं, टाके दुखतात का, अंगावर किती जातंय, रडू येतं का. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं नेहमीचंच आहे, आपोआप ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही ती उदास असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, "मला जमणार नाही" असं सारखं म्हणत असेल, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. मुलगी झाली म्हणून घर गप्प झालंय का, हेही त्याच पाच मिनिटांत कळतं. तेलुगू बोलणारी घरं असलेल्या पूर्व भागात काम करणारी नर्स "पालु तागिंदा?", दूध प्यालं का, एवढं तेलुगू शिकतेच, पण हे दुसरे प्रश्न विचारायला भाषेपेक्षा रिकामी खोली लागते.

आईचा रक्तदाब हा आपल्या घरभेटीतला सगळ्यात दुबळा भाग आहे. सगळ्यांचं लक्ष बाळाकडे. गरोदरपणात बीपी नॉर्मल होतं तरी बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात ते वाढू शकतं, झटके येऊ शकतात. आशाताईकडे बीपीचं यंत्र असेलच असं नाही. त्यामुळे पाचव्या-सहाव्या दिवसाच्या आसपास कुणीतरी बीपी बघेल अशी सोय करा, नर्सने किंवा गल्लीतल्या डॉक्टरने. डोकं फुटल्यासारखं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, पोटात वर दुखणं, तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, घाण वास येणारं जाणं, थंडी वाजून ताप, एका पोटरीला सूज आणि दुखणं: यातलं काहीही झालं तर भेटीची वाट बघायची नाही.

कावीळ पुष्कळ बाळांना होते. ती घरात दिव्याखाली बघू नका. हिरव्या रंगाच्या भिंती आणि पिवळा बल्ब असलेल्या खोलीत कुठलंही बाळ पिवळंच दिसतं. दाराशी उजेडात आणा, कपाळावर आणि छातीवर बोटाने हलकं दाबून सोडा, खालची कातडी कोणत्या रंगाची दिसते ते बघा. पहिल्या चोवीस तासांतच पिवळं दिसलं, किंवा पुढे कधीही तळहात-तळपाय पिवळे झाले, किंवा बाळ पिवळं आणि झोपाळू होऊन पीत नाही, तर लगेच दवाखाना. चौदा दिवसांनंतरही पिवळेपणा टिकला तर दाखवायचंच, आणि शीचा रंग पांढरट, खडूसारखा असेल तर एक दिवसही घालवू नका. पित्तनलिकेच्या एका दोषात पहिल्या दोन महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर फायदा जास्त होतो. कोवळ्या उन्हाने कावीळ बरी होते यावर विसंबू नका. सोलापूरच्या मे महिन्यात सकाळी आठचं ऊनही कोवळं नसतं.

खासगी नर्सचं म्हणाल तर महिनाभराची लावू नका, असं माझं मत. आधी हे बघा की एजन्सी ज्यांना नर्स म्हणून पाठवते त्यांपैकी कितीतरी जणी प्रशिक्षित नसतात. एएनएम किंवा जीएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम झालेली आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी असलेली असेल तरच तिला नर्स म्हणा. नोंदणीचा कागद मागायला लाजू नका, खरी नर्स तो हसत दाखवते. दुसरं, रात्रपाळीची बाई "आईला झोप मिळू दे" म्हणून बाळ बाजूच्या खोलीत नेते आणि बाटली देते. आठवड्याभरात दूध कमी होतं आणि मग खरंच पुरत नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर नोंदणीकृत नर्सच्या तीन-चार भेटी ठरवा: घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी, सातव्या दिवसाच्या सुमारास, आणि दुसऱ्या आठवड्यात. बाळ दोन किलोच्या आसपासचं असेल, जुळी असतील, आईला बीपी किंवा टाक्यांचा त्रास असेल, तर जास्त. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी तासन्‌तास धरायची कांगारू पद्धत ती नीट शिकवेल, आणि तुम्हालाही, कारण ती बापाला पण करता येते.

पण घरात रोज येणार आहे ती नर्स नव्हे, तर अंघोळ घालणारी मावशी. तिला वगळून कुठलीही घरभेट पुरी होत नाही. मी शक्यतो अंघोळीच्याच वेळी जाते. मावशीचा हात बघते, बऱ्याच जणींचा हात खरंच छान असतो, आणि ते तोंडावर सांगते. मग दोन-तीनच गोष्टी थांबवायला सांगते, दहा नाही. नाका-कानात तेल नाही आणि नाकात फुंकर नाही. बाळाची छाती सुजलेली दिसली तर चीक काढायला दाबायची नाही. ती सूज आईच्या हार्मोन्सची असते, आपोआप उतरते, दाबली तर पू होतो. अंघोळीनंतर धुरी नाही. टाळूवर थोडं तेल लावलं तर माझा जीव जात नाही, जोराने थापू नका म्हणजे झालं. बेंबीला काही लावायचं नाही, ना हळद, ना तेल, ना पावडर. कोरडी ठेवायची, लंगोट तिच्या खाली बांधायचा. साधारण पाच ते पंधरा दिवसांत नाळ गळते. कडेला लाली पसरली किंवा पू आला तर दाखवायचं. गुटी, मध, ग्राइप वॉटर काही नाही. काजळ डोळ्यांत नाही. तीट कानामागे किंवा तळपायाला लावा, पाचवीची पूजा आनंदाने करा, सटवाईशी आमचं काही भांडण नाही.

सासूबाईंना तुम्ही पुण्याहून फोनवर हे शिकवायला जाऊ नका. त्यांच्या "नर्स कशाला"चं उत्तर नर्सलाच देऊ द्या. मी अशा घरी आजीलाच श्वास मोजायला लावते. बाळ शांत असताना पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट. साठ किंवा जास्त आले तर पुन्हा मोजायचे, पुन्हा तेवढेच आले तर निघायचं. ज्या आजीने एकदा स्वतः मोजलं ती नर्सपेक्षा कडक होते. दोन भेटींच्या मधल्या दिवसांत घरात तीच असते. तिला एवढं पाठ असलं पाहिजे: पिणं सोडलं किंवा एकदम कमी केलं, श्वास भरभर, श्वास घेताना छातीची खालची बाजू आत ओढली जाते, ताप किंवा गारपणा, हालचाल मंदावली, झटका. यातलं एक दिसलं तरी रात्रीचे दोन वाजलेले असोत, १०८ ला फोन. सिव्हिलमध्ये नवजात बाळांसाठी वेगळा कक्ष आहे, आणि जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार, औषधं आणि ने-आण मोफत आहे, रेशनकार्डाचा रंग न बघता. वाटेत बाळ आईच्या छातीशी धरा, पीत असेल तर पाजत राहा.

तुमच्या स्वतःबद्दल दोन गोष्टी. बहुतेक जण रजा बारशासाठी राखून ठेवतात. बाळ घरी येतं तो आठवडा महत्त्वाचा आहे, तेव्हा या. बारसं रविवारी करता येतं. आणि रोजच्या व्हिडिओ कॉलवर "बाळ कसंय?" विचारलं की "छान आहे" हेच उत्तर मिळतं. "कालपासून शू किती वेळा झाली, तू किती तास झोपलीस?" असं विचारा.

कागदांचं: जन्माची नोंद २१ दिवसांत, बाळंतपण झालं त्या दवाखान्यामार्फत सोलापूर महापालिकेतच होईल, पुण्यात नाही. दवाखान्यातून निघताना बीसीजी, पोलिओचा शून्य डोस, हिपॅटायटिस बीचा जन्मडोस आणि व्हिटॅमिन के यांची कार्डावर नोंद झाली का ते बघा. हिपॅटायटिसचा डोस चोवीस तासांच्या आत द्यायचा असतो, खासगीत तो कधी कधी "नंतर देऊ" म्हणून राहतो. पुढच्या लशी दीड महिन्याला, म्हणजे शेवटच्या घरभेटीच्याच सुमारास. त्याआधी पत्नी पुण्याला परतणार असेल तर सोलापूरच्या आशाताईला तारीख सांगा आणि पुण्याच्या केंद्रात नाव पुन्हा जागं करा, कारण तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी आणखी भेटी असतात, त्या तिथल्या आशाताई करतील. कार्ड सामानाच्या बॅगेत नको, पत्नीच्या पर्समध्ये ठेवा. लशीच्या पानाचा एक फोटो तुमच्या मोबाइलमध्ये असू द्या.